शास्ती माफीचं शिबिर: 75 टक्के खरे, पण कशावर?

गेल्या डिसेंबरात आमच्या महापालिकेनं मालमत्ता कराच्या थकबाकीवर अभय योजना, म्हणजे उशिराच्या दंडात सूट, काढली होती. मी शिबिरात गेले, पैसे भरले, पावती घेतली आणि 11,220 रुपये वाचवले. तरी पाचपैकी तारे द्या म्हणालात तर मी तीन देईन, आणि त्यातला एक टेबलावरच्या पोरीचा आहे. जालना धरून मराठवाड्यात आता पाच महापालिका आहेत. आमची त्यातली कोणती ते लिहीत नाही. त्या पोरीनं मला जे सांगितलं ते तिच्या वरच्या साहेबांना आवडलं असतं असं काही वाटत नाही.

मी आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाची सचिव आहे. चौदा जणींची बचत, कर्ज, व्याज, सगळं माझ्या वहीत असतं. त्यामुळं पुढं आकडे येणार, इलाज नाही. ज्यांना नुसतं ‘जावं का नको’ एवढंच हवंय त्यांना सांगते: थकबाकी असेल तर जावं, आणि पहिल्या आठवड्यातच जावं. पण जायच्या आधी घरी निवांत बसून बिल वाचावं, मागच्या बाजूसकट.

आमचं घर सासऱ्यांच्या नावावर. 2021 च्या सुरुवातीला ते गेले. त्यानंतर तिघा भावांची वाटणी होईपर्यंत कर कुणी भरायचा यावर एकमत झालं नाही, म्हणून कुणीच भरला नाही. थोरले म्हणायचे, ज्याला घर मिळंल त्यानं भरावं. धाकटे म्हणायचे, जो राहायलाय त्यानं भरावं. शेवटी घर आमच्या वाट्याला आलं, थकबाकीसकट. बिल 41,960 रुपयांचं होतं. पाच वर्षांचा मूळ कर 27,000, म्हणजे वर्षाला 5,400, आणि बाकीची 14,960 नुसती शास्ती.

शास्ती म्हणजे उशिराचा दंड. वर्षाचा कर दोन हप्त्यांत असतो, एक एप्रिलपासूनचा, दुसरा ऑक्टोबरपासूनचा. मुदतीत भरला नाही की थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के चढत जातात. वर्षाचे 24 झाले. आमच्या गटात आम्ही एकमेकींकडून महिना 1 टक्का घेतो आणि तोही कुणी दोन महिने थकवला तर बैठकीत तिचं नाव वाचलं जातं. त्याच्या दुप्पट दर महापालिकेचा.

आता चौकातला फ्लेक्स. त्यावर ‘75 टक्के सूट’ हे शब्द रिक्षातून जातानाही वाचता येतील एवढे मोठे. खाली ‘शास्तीच्या रकमेवर’ हे बारीक, आणि त्याहून बारीक ‘चालू मागणीसह संपूर्ण रक्कम एकरकमी भरणाऱ्यांसाठी’. महिनाअखेरपर्यंत 75, पुढच्या महिन्यात 50, असा उतरता जिनाही त्यातच. माझ्या बिलावर ह्या पंच्याहत्तरचे काय झाले ते बघा: शास्ती 14,960, तिचे 75 टक्के 11,220 माफ, उरले 3,740. मूळ कराला हात नाही. एकूण भरले 30,740. पूर्ण बिलाच्या मानानं सूट 27 टक्क्यांच्याही आत. खोटं काही नाही यात. पण फ्लेक्स बघून आलेल्या माणसाच्या डोक्यात दहा हजारांत चाळीस हजारांचं बिल मिटणार असतं.

असेच एक म्हातारबा रांगेत माझ्यापुढं होते. शहरात घर, गावाकडं तीन एकर. सोयाबीनच्या पट्टीतले दहा हजार बंडीच्या आतल्या खिशात घालून आले होते. टेबलावर कळलं की सूट हवी तर सगळे एकदम भरा, हप्ता चालणार नाही. ‘‘तूर निघाल्यावर देतो की बाकीचे,’’ म्हणाले. तूर निघून आडतीवर जाऊन हातात पैसा यायचा म्हणजे जानेवारी उलटतो, आणि तोवर 75 चे 50 झालेले असतात. योजनेच्या तारखा ठरवणाऱ्यांनी मोंढ्यात एक चक्कर मारली असती तर हे कळलं असतं. मराठवाड्यातल्या शहरांत पगारदार कमी नाहीत, पण ज्यांची थकबाकी साचते ते बहुतेक असेच, एक पाय शेतात असलेले. ह्या एका गोष्टीसाठी मी एक तारा कापलाय.

शिबिराची व्यवस्था मात्र चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. झोन कार्यालयाच्या आवारात मांडव, बसायला खुर्च्या, पाण्याचा जार, टोकन. माझं टोकन लागेपर्यंत चहा पिऊन झाला. तोंडदेखलं नव्हतं काही. दुपारी जेवायच्या वेळेतही एक टेबल चालू ठेवलं होतं. बिल सासऱ्यांच्या नावावर होतं म्हणून अडवतील अशी भीती होती. तसं काही झालं नाही. भरणा कुणीही करू शकतो, फक्त पावती ज्याचं नाव नोंदीत आहे त्याच्याच नावानं निघते. नाव बदलायचं काम वेगळं: मृत्यू प्रमाणपत्र, वारसांचे कागद, नोंदणी केलेलं वाटणीपत्र आणि हस्तांतरणाची फी. ते शिबिरात होत नाही आणि त्यासाठी आधी थकबाकी शून्य लागते. म्हणजे आधी भरा, मग नाव लावा. क्रम बरोबर आहे, पण फ्लेक्सवर ही एक ओळ असती तर आमच्या गल्लीतल्या तीन-चार घरांचे हेलपाटे वाचले असते.

टेबलावरची पोरगी विशीतली, कंत्राटी असावी. तिनं माझं बिल स्क्रीनवर काढलं आणि विचारलं, ‘‘मावशी, दुकान चालायलंय का नीट?’’

‘‘कोणाचं दुकान?’’

‘‘तुमचं की. समोरची खोली दुकान म्हणून हाय हितं. बिगरनिवासी, 120 चौरस फूट.’’

सासऱ्यांचं किराणा दुकान होतं त्या खोलीत. ते 2019 मध्ये बंद केलं, शटर काढून भिंत बांधली, खिडकी बसवली. आता तिथं सासूबाईंचा पलंग आणि माझं शिलाई मशीन. महावितरणनं त्याच वर्षी दुकानाचं व्यापारी मीटर काढून घेतलं. पण महापालिकेच्या वहीत दुकान चालूच.

पोरगी आवाज खाली करून म्हणाली, ‘‘हे शास्तीचं ठीकाय, पण ह्याच्यात दरसाली जास्तीचं जायलंय तुमचं. त्या कोपऱ्यात आकारणीचं टेबल हाय, तितं अर्ज द्या अगुदर.’’

कोपऱ्यात खरंच एक टेबल होतं. ‘कर आकारणी दुरुस्ती’ अशी पाटी, मागं एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले, समोर एक माणूस नाही. शास्तीच्या टेबलांपुढं रांग मांडवाबाहेर गेलेली. माझ्या मते ह्या शिबिराबद्दल सांगण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. माफीला गर्दी, दुरुस्तीला कुणी नाही. आणि फ्लेक्सवर त्या दुसऱ्या टेबलाचा उल्लेखसुद्धा नाही.

कर बसतो कसा हे थोडक्यात सांगते, कारण मलाही त्या गृहस्थांनीच समजावलं, आणि नीट समजावलं. तुमचं घर वर्षाला किती भाड्यानं जाईल याचा अंदाज महापालिका धरते. तुम्ही भाड्यानं देता का नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी 10 टक्के वजा होतात. उरलं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर वेगवेगळ्या करांची टक्केवारी. माझ्या घराचं वार्षिक भाडं धरलं होतं 15,000, वजा 1,500, करयोग्य मूल्य 13,500. सगळे कर मिळून त्याच्या 40 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 5,400. भाड्याचा दर ठरताना तीन गोष्टी बघतात: जागा किती, बांधकाम कसलं (आरसीसी, पत्रा, माती), आणि वापर कशाचा. दुकानाचा दर घराच्या दरापेक्षा बराच वर. शिवाय बिगरनिवासी म्हटलं की राज्याचा रोजगार हमी करही लागतो, जो घराला लागत नाही. एका शब्दामुळं हे सगळं माझ्या बिलात सहा वर्षं घुसून बसलं होतं.

मी तिथंच अर्ज दिला. सोबत महावितरणचं मीटर काढल्याचा कागद, आताचं घरगुती बिल, खोलीचे फोटो. पंधरवड्यानं वसुली लिपिक घर बघायला आला. टेपनं सगळं नीट मोजलं. याआधीच्या सर्वेक्षणात खाजगी एजन्सीची पोरं रस्त्यावरूनच लेझर मारून गेली होती, आत पाऊल टाकलं नव्हतं. ह्यानं आत येऊन भिंत बघितली, सासूबाईंच्या पलंगावर टेकून पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, ‘‘काकू, गच्चीवर जाऊन येतो.’’

गच्चीवर आमची पत्र्याची खोली आहे. पोरगा बारावीला असताना अभ्यासाला केलेली. ती नोंदीत नव्हती. आता आली. तेव्हा दुरुस्तीचा अर्ज देणाऱ्यांनी आधी स्वतःच्या गच्चीवर, मागच्या वाड्यात, जिन्याखाली एक नजर टाकावी. दुरुस्ती एकाच दिशेनं होत नसते. माझं गणित असं बसलं: दुकानाची खोली घर झाली म्हणून वर्षाला 1,900 कमी, पत्र्याची खोली वाढली म्हणून 400 जास्त. येत्या एप्रिलपासून बिल 3,900 चं. वर्षाला 1,500 वाचले, कायमचे. म्हणजे साडेसात वर्षांत ही दुरुस्ती त्या गाजावाजाच्या माफीपेक्षा जास्त पैसे देऊन जाते. आमची साडेसाती पहिल्यांदाच फायद्याची निघाली म्हणायचं.

मागच्या वर्षांचं काय, हा प्रश्न मी विचारलाच. 2019 पासून दुकान नाही याचा सरकारी कागद आहे, मग जास्तीचं घेतलेलं वळतं करा. उत्तर मिळालं, तेव्हा अर्ज नव्हता, आता पुढचंच होईल. मी स्वतंत्र लेखी अर्ज देऊन पोच घेतलीय. तो पडून आहे. महापालिकेला चार वर्षं मागं जाऊन शास्ती लावता येते आणि चुकीची आकारणी मात्र फक्त पुढंच सुधारता येते, हे मला पटलेलं नाही. दुसरा तारा इथं गेला.

आता शेजारच्या बाईंचं ऐका. त्या निवृत्त शिक्षिका, दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कर भरणार म्हणजे भरणार. लवकर भरणाऱ्यांना आमच्याकडं 10 टक्के सूट असते, त्याचा फ्लेक्स एवढा मोठा नसतो. आणि ते 10 टक्केही पूर्ण बिलावर नाहीत, फक्त सामान्य करावर. बिलात सामान्य कर, पाणीपट्टी, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष कर, राज्याचा शिक्षण कर असे बरेच रकाने असतात. शिक्षण कर तर महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करते. त्यात सूट द्यायचा तिला अधिकारच नाही. तर त्यांच्या बिलात सामान्य कर 2,000 धरा, सूट 200. पाच वर्षांत हजार रुपये. मला एका सकाळी 11,220.

‘‘तुझी शास्ती माफ झाली, माझ्या शिस्तीला काय?’’ असं त्या हसत म्हणाल्या, पण लागलं. मी म्हटलं, बाई, तरी मी तुमच्यापेक्षा पावणेचार हजार जास्तीच भरलेत. त्यांनी गणिताच्या शिक्षिकेसारखं उत्तर दिलं: ‘‘पाच वर्षं पैसे कुणाच्या हातात होते?’’ घरी येऊन वहीत मांडलं. महिन्याला 2 टक्क्यांतले 75 टक्के माफ झाले म्हणजे उरला महिन्याला अर्धा टक्का, वर्षाला 6. सहा टक्क्यानं उसने पैसे मला माझ्याच गटात मिळत नाहीत. कर थकवून योजनेची वाट बघत बसणं हे मराठवाड्यातलं सगळ्यात स्वस्त कर्ज आहे, आणि ते हुशार लोकांना कळलेलं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडावर तीन मजली लॉज आहे. मालकाचा पोरगा शिबिरात भेटला, तर उघड म्हणाला, दरवर्षी कशाला भरायचं, दोन-तीन वर्षांनी येतीयच की योजना. वाटणीत अडकलेलं आमचं घर, सोयाबीनची वाट बघणारे म्हातारबा आणि हा लॉजवाला, तिघांना एकच 75 टक्के. घरापुरती मर्यादा घातली असती, काही हजारांच्या आतल्या बिलांना हप्ते दिले असते, तर योजनेचा पैसा जिथं जायला हवा तिथं गेला असता. पण मग मार्चअखेरचा वसुलीचा आकडा फुगला नसता.

ज्यांच्यावर अवैध बांधकामाची शास्ती आहे त्यांच्यासाठी एक सूचना, कारण रांगेत बऱ्याच जणांचा घोळ झाला. ती वेगळी असते आणि ह्या माफीत धरलेली नव्हती. 600 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला ती शास्ती 2017 च्या शासन निर्णयानं माफच आहे; त्यापुढं 1,000 फुटांपर्यंत कराच्या निम्मी, आणि त्याच्याही वर कराच्या दुप्पट. आमची वसाहत गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांची. 2001 चा गुंठेवारीचा कायदा, मग 2021 मध्ये मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. ज्यांनी नियमित करून घेतलं त्यांनी ते प्रमाणपत्र बरोबर न्यावं, बिलात चुकून लागलेली शास्ती निघते. आणि कराची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे, हे बिलावर छापलेलंच असतं.

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना 2020 च्या राज्याच्या योजनेत मालमत्ता करातून सूट आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी ती आहे, एका घरापुरती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. सुभेदारांना ती सहज मिळाली म्हणे. पण त्यांच्याच शेजारी एका शिपायाच्या विधवा आहेत, त्यांना अशी काही योजना आहे हेच माहीत नव्हतं. फ्लेक्सवर तीही नव्हती. सौर बंब, पावसाचं पाणी जिरवणं याला बऱ्याच महापालिका थोडी सूट देतात, आमचीही देते. त्यासाठी काय पुरावा लागतो हे मात्र शिबिरात तिघांनी तीन प्रकारे सांगितलं.

पाणीपट्टीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो. उन्हाळ्यात त्याहून लांब. ज्या मराठवाड्यात 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रोज पाणी द्या म्हणायचा वेडेपणा मी करणार नाही. पण पाणीपट्टी वर्षाच्या 365 दिवसांची घेता, टँकरला आम्ही वेगळे मोजतो, आणि त्या थकलेल्या पाणीपट्टीवरसुद्धा पुन्हा 2 टक्के. सूट द्यायचीच तर पाणी न आलेल्या दिवसांची द्या की.

पुण्याला नणंद असते, तिनं फोनवर आपलं घोडं पुढं दामटलं. त्यांच्याकडं स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे. मध्यंतरी गेली होती, 2023 मध्ये परत आली, आणि तिच्यासाठी राहत्या घराचा पुरावा जोडून अर्ज द्यावा लागला. मुंबईत तर 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता करच नाही. त्या आधी 2019 मध्येही तिथं माफीची घोषणा झाली होती, पण तेव्हा फक्त सामान्य कर गेला, बाकीचे रकाने चालूच राहिले आणि लोकांच्या हातात बिलं पडली. म्हणजे मोठ्या अक्षरात माफी आणि बारीक अक्षरात रकाने, हे काही आमच्याकडंच नाही. आमच्या गल्लीत 500 फुटांच्या आतली घरं कितीतरी आहेत. मुंबईतल्या माणसाचं घर छोटं आहे म्हणून त्याला माफी, मग इथल्याचं काय मोठं आहे? मुंबई महापालिकेच्या तिजोरीची आणि आमच्या तिजोरीची बरोबरी नाही, एवढं मला कळतं. पण सासूबाईंना ते समजावून दाखवा.

वेळ अमावस्येला माहेरी धाराशिवकडं गेले होते. शेतात आंबील-भज्जी खाताना भाऊ म्हणाला, आमच्या नगरपरिषदेला असलं काही करता येत नाही का? येतं आता. नगरपरिषदा, नगरपंचायतींना थकबाकीवरची शास्ती माफ करता यावी म्हणून 1965 च्या त्यांच्या कायद्यात दुरुस्ती करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं 2025 मध्ये घेतला. भावाला म्हटलं, योजना निघेल तेव्हा निघेल, आधी तुझ्या बिलावर गोठा कशात धरलाय ते बघ.

ऑनलाइन भरण्याविषयी लवकर आटपते. महापालिकेच्या संकेतस्थळावर बिल दिसतं, पण योजनेची सूट त्यात तेव्हा दिसत नव्हती. पूर्ण 41,960 च मागत होतं. टेबलावर विचारलं तर म्हणाले, अपडेट व्हायचंय. ज्यांनी घाईत मोबाइलवरून पूर्ण भरले त्यांना पुढच्या बिलात वळते करतो म्हणून सांगत होते. थकबाकी असेल तर योजनेच्या काळात काउंटरवरच जा. चालू वर्षाचं तेवढं भरायचं असेल तर मोबाइल उत्तम.

शिबिर हुकलं तर राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस येते, तिथंही शास्तीत तडजोड होते आणि फी लागत नाही. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून बिलात आकारणीची चूक असेल तर ती लोकअदालतीत सही करायच्या आधी मांडा.

गटाच्या जानेवारीच्या बैठकीत मी सगळ्यांना बिलं घेऊन यायला सांगितलं. कर्जवसुली झाली, मग एकेक बिल वाचलं. एकीचं पत्र्याचं घर आरसीसी म्हणून लागलेलं. एकीच्या माडीवर कोरोनाच्या आधी सोडून गेलेला भाडेकरू अजून राहतोय, कागदावर. तिसरीचं बिल बरोबर होतं, पण तिला नवऱ्याचं सैन्यातलं पेन्शन मिळतं. तिला सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. पहिल्या दोघींचे अर्ज मीच लिहिले. ते द्यायला गेले त्या दिवशी झोन कार्यालयात शिबिर नव्हतं, मांडव नव्हता, आकारणीचे तेच गृहस्थ आत आपल्या खोलीत होते. अर्ज घेतले, पोच दिली आणि म्हणाले, ‘‘काकू, तुम्ही आता दर महिन्याला येणार का?’’

मी म्हटलं, चौदा जणी आहेत गटात. आत्ताशी पाच बिलं वाचून झालीत.